विद्यापीठाला एक हाक मारायचं नाव द्या की हो!

प्रति,
मा. कुलगुरू महोदय, व्यवस्थापन परिषद आणि अधिसभेचे सगळे सदस्य,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर.

विषय: वरच्या ओळीला बोलता-लिहिता येईल असं एक छोटं नाव अधिकृतपणे ठरवून देण्याबाबत.

नमस्कार.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की कोणत्या संघटनेचा माणूस निवेदन घेऊन आलाय. मी प्राध्यापक नाही, पुढारी नाही, माझं सोलापुरात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मी दुकान टाकलं, त्यामुळे आम्ही दोघं जवळपास एकाच वयाचे. माझ्या स्वतःच्या डिग्रीवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर आहे कारण तेव्हा आपला जिल्हा तिकडंच जोडलेला होता. पण दुकानात येणाऱ्या पोरांचे प्रोजेक्ट, सेमिनारची पत्रिका, रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कॅम्पचा फ्लेक्स, युवा महोत्सवाचे टीशर्ट, निरोप समारंभाचं मानपत्र, हे सगळं तुमच्या नावानं माझ्या कॉम्प्युटरवर टाइप झालंय. तुमचं नाव तुमच्या ऑफिसात टाइप झालं नसेल तेवढ्या वेळा माझ्याकडं झालं असेल, ही थोडी फुशारकी आहे पण चालवून घ्या.

तर मुद्दा. २०१९ पर्यंत ‘सोलापूर विद्यापीठ’ एवढंच होतं, दोन शब्द, कुठंही बसायचे. २०१९ ला नामविस्तार झाला आणि ते ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ झालं. त्यावेळी गावात काय काय झालं, कोणाची काय मागणी होती, ते सगळ्यांना माहितीये, ते मी उकरून काढत नाही. नाव चांगलंच झालं असं माझं मत आहे. इथून पुढं जे लिहिलंय ते नाव बदला, कमी करा असं कोणी वाचू नये म्हणून आत्ताच सांगतो, नाव आहे तसंच राहू द्या, कायद्याच्या अनुसूचीत आहे, डिग्रीवर आहे, मेन गेटवर आहे, तिथं एक काना-मात्रा हलवू नका. मी बोलतोय ते हाक मारायच्या नावाबद्दल. घरात पत्रिकेवरचं नाव वेगळं असतं आणि पाळण्यातून उचलताना आई जे म्हणते ते वेगळं असतं, त्याच्याबद्दल.

हे डोक्यात कधी आलं तर एका ब्लॅक बुकमुळं, म्हणजे बाइंडिंग केलेल्या प्रोजेक्टमुळं. एमएससीची एक पोरगी प्रोजेक्ट घेऊन आली, सत्तर-पंच्याहत्तर पानं असतील, बाइंडिंग केल्यावर पाठीची जाडी एक सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. त्या पाठीवर तिला उभं नाव पाहिजे सोनेरी अक्षरात, म्हणजे वर विषय, मधे तिचं नाव, खाली विद्यापीठ आणि साल. मी विद्यापीठाचं नाव टाकलं तर ते एकट्यानं पाऊण पाठ खाऊन बसलं. टाइप बारीक केला तर बाइंडर म्हणतो एवढ्या बारीक अक्षराला सोनेरी वर्ख धरत नाही, जोडाक्षरं भरून जातात, ‘पुण्यश्लोक’चा ण्य आणि श्लो एकमेकात मिसळून नुसता डाग दिसतो. दोन ओळी केल्या तर जाडीत बसेनात. शेवटी काय केलं असेल? ‘पु.अ.हो.सो.वि.’ टाकलं. पोरगी बघून हसायला लागली, म्हणाली काका हे असं वाटतंय की कोणीतरी बायको नवऱ्याला हाक मारतेय, पु, अहो!

ती हसली पण मला काही हसू आलं नाही. कारण ते पुस्तक आता डिपार्टमेंटच्या कपाटात उभं राहणार आणि त्याच्या पाठीवर अहिल्यादेवींचा फक्त एक ‘अ’ आहे. त्याच्या पुढं टिंब.

आता तुम्ही म्हणाल हे सगळ्याच विद्यापीठांचं आहे. आहेच की, म्हणूनच तर लिहितोय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून केवढा लढा झाला, १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, लोकांची घरं जळाली, लोकांनी जीव दिले त्या नावासाठी. आणि आज पेपरची हेडिंग काढून बघा, ‘बामु’. तिकडं लोणेऱ्याला बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याला इंजिनिअरिंगची पोरं ‘बाटू’ म्हणतात. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ ला सावित्रीबाईंचं नाव दिलं आणि पोरं म्हणतात ‘एसपीपीयू’. आणि सगळ्यात वाईट मला वाटतं ते जळगावचं. आधी ‘उमवि’, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, होतं ते तरी एक वेळ बरं होतं, २०१८ ला बहिणाबाईंचं नाव मिळालं, केवढी आनंदाची गोष्ट, ज्या बाईनं शाळेचं तोंड न बघता असली सरळ सोपी कविता केली तिचं नाव विद्यापीठाला, आणि आता बातमीत काय छापून येतं तर ‘कबचौउमवि’. वाचून दाखवा एकदा मोठ्यानं. बहिणाबाई कुठं आहे त्याच्यात?

मुंबईचं एसएनडीटी घ्या. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० ला पंधरा लाख दिले कर्व्यांच्या विद्यापीठाला, त्या काळातले पंधरा लाख, आईचं नाव राहावं म्हणून. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आता माझ्या दुकानात येणाऱ्या दहा जणांना विचारा एसएनडीटीतला एन कोणाचा, एकानं जरी सांगितलं तर त्याला झेरॉक्स फुकट.

आणि हे तर अहिल्यादेवींच्याच बाबतीत एकदा होऊन गेलंय, इंदूरला. होळकरांचं इंदूर. तिथल्या विद्यापीठाला १९८८ ला ‘देवी अहिल्या विश्वविद्यालय’ नाव दिलं, किती सुटसुटीत आणि गोड नाव आहे, आणि तिथली पोरं काय म्हणतात? ‘डीएवीवी’. इंदूरहून आपल्याकडं कापडाच्या कामाला आलेला एक पोरगा म्हणाला मी डीएवीवीचा, तर मी म्हटलं डीएव्ही म्हणजे आमचं वेलणकर कॉलेज का? कारण सोलापुरात डीएव्ही म्हटलं की दयानंदच्या आवारातलं कॉमर्स. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. दोघांच्या मधे अहिल्यादेवी होत्या आणि त्या दोघांनाही दिसल्या नाहीत.

याच्या उलटं बघायचं तर कोल्हापूर. ‘शिवाजी विद्यापीठ’ १९६२ पासून दोन शब्द, आणि साठ वर्षं लोक पूर्ण नाव घेतात. कोणी ‘शिवि’ म्हणत नाही. तिथं नाव वाढवून ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करा अशी मागणी आहे आणि दुसरी बाजू म्हणते की वाढवलं की त्याचं सीएसएमयू होईल. त्या वादात मी पडत नाही, माझी तेवढी पोच नाही, पण ती भीती काही खोटी नाही. मुंबईचं व्हीटी स्टेशन १९९६ ला सीएसटी झालं आणि २०१७ ला ‘महाराज’ जोडल्यावर सीएसएमटी. इंडिकेटरवर बघा, चार इंग्रजी अक्षरं.

आता आपल्या गावाकडं या. सोलापूरकर नाव ठेवायला कोणाची वाट बघत बसत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. हॉस्पिटलचं नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, रिक्षावाल्याला काय सांगता? सिव्हिल. धर्मवीर संभाजी तलाव म्हणून बोर्ड लावलाय, पण फिरायला जाणारा माणूस कंबर तलावालाच जातो. इंदिरा गांधी स्टेडियमला आपण पार्क म्हणतो आणि सिद्धेश्वरांची एवढी मोठी जानेवारीतली यात्रा, तिला नुसतं ‘गड्डा’, ‘गड्ड्याला चाललालास का बे?’ झालं, सगळ्याला कळलं. यात अपमान कोणाचाच नाही, तोंडाला जे सोपं पडतं ते राहतं. पण यात एक मेख आहे. लोकांनी ठेवलेलं नाव टिकतं आणि कमिटीनं ठेवलेलं बोर्डावर राहतं. तुम्ही ठरवलं नाही तर आम्ही ठरवणार, आणि आम्ही ठरवलेलं तुम्हाला आवडेलच असं नाही.

आत्ता काय चालू आहे ते बघा. शहरात नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं तरी भागतं कारण एका जिल्ह्याला एकच आहे, ‘केगावला जाऊन येतो, मार्कलिस्टचं काम आहे’ म्हटलं तरी चालतं. जुने लोक अजून ‘सोलापूर विद्यापीठ’ म्हणतात. अडचण बाळे गाव ओलांडून शहराबाहेर गेल्यावर सुरू होते. पुण्यात रूमवर कोणी विचारलं कुठलं विद्यापीठ तर आपला पोरगा पूर्ण नाव सांगत नाही, तो म्हणतो ‘पीएएच’, नाहीतर ‘पीएएचएसयू’. काही जण त्याच्या शेवटी अजून एक ‘एस’ लावतात, म्हणजे सोलापूर दोनदा. पोरं त्याचा उच्चारच करतात, ‘पाहसू’, ‘पाहसुस’. युवा महोत्सवाला एका ग्रुपनं टीशर्टच्या पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरात तेच छापून घेतलं. त्यातला एकजण घरी घालून गेला तर त्याची आई म्हणाली ही कुठली नवी पतसंस्था निघाली.

आणि हे सोलापूर आहे बरं का. इथं नाव एका भाषेत चांगलं वाटून चालत नाही, तीन-चार भाषांतून चाळून घ्यावं लागतं. ‘पाहसू’ पटपट म्हणा, मराठीत ऐकायला ‘पशू’ येतं. पूर्व भागातल्या माझ्या एका दोस्ताला म्हणून दाखवलं तर तो म्हणाला आमच्या तेलुगूत पशुवू म्हणजे गुरंढोरं. मग अक्कलकोटकडचे एक मास्तर कायम येतात त्यांना विचारलं, ते हसून म्हणाले पुढचा ‘पा’ सोडून दे, कन्नडात ‘हसु’ म्हणजे गाय. म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्हीकडं जनावरच निघालं! गाय आहे म्हणून पुण्य तरी लागेल एवढंच.

बरं जुनं ‘एसयू’ ठेवा म्हणावं तर ते कोल्हापूरवाल्यांचं पण एसयूच आहे. वेबसाइटच्या पत्त्यात ‘एसयूएस’ बसलंय, सोलापूर युनिव्हर्सिटी सोलापूर, मला वाटायचं हे तरी बरं आहे, तर माझी पुतणी म्हणाली, काका, ‘सस’ आजकाल पोरं कशाला म्हणतात माहितीये का? संशयास्पद. गेममुळं पसरलाय तो शब्द, एखादा माणूस गडबड वाटला की ‘लई सस वाटलालाय’ म्हणतात. घ्या. डिग्री कुठली तर सस.

पुतणीवरून आठवलं. पास झाल्यावर तिनं एका कंपनीचा ऑनलाइन फॉर्म माझ्या दुकानात बसूनच भरला, कंपनीचं नाव घेत नाही. त्यात युनिव्हर्सिटीच्या रकान्यात तीसच अक्षरं घेत होता, स्पेस धरून. आपलं नाव इंग्रजीत लिहिलं तर स्पेस धरून सत्तेचाळीस होतात, मी बोटं मोडून मोजलीत. टाइप करत गेली, ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर’ आलं, एक स्पेस आली, पुढं सोलापूरचा ‘एस’ आला आणि कर्सर थांबला. बटण दाबतेय, काही पडेना. म्हणजे फॉर्म बघणाऱ्याला काय दिसलं असेल, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर एस. एखाद्या बाईंचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर वाटतं ते. सोलापूर गेलं, विद्यापीठ गेलं. तिनं मग खोडून ‘पीएएच सोलापूर युनिव्हर्सिटी’ लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं त्याच फॉर्मवर नुसतं ‘सोलापूर युनिव्हर्सिटी’ लिहिलं, तिसरीनं अजून काहीतरी. एकाच वर्गातल्या तीन पोरी, तीन विद्यापीठं. कंपनीच्या कॉम्प्युटरला काय कळणार की या शेजारी शेजारी बसणाऱ्या आहेत?

म्हणून माझं एवढंच मागणं आहे की एक छोटं नाव ठरवा, आणि ते आद्याक्षरांचं नको. पाच शब्दांचं एकेक अक्षर जपून ठेवण्यापेक्षा एक शब्द अख्खा ठेवा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. पुण्याच्या गाडीला ही चार नावं दिली असती तर रेल्वेनं त्याचं काय केलं असतं कोणास ठाऊक, एमकेएसजे एक्सप्रेस झाली असती. पण नाव दिलं ‘हुतात्मा’. सकाळी स्टेशनवर ‘हुतात्मा लागली का’ म्हणतो ना आपण, शब्द पूर्ण आहे, मान पूर्ण आहे, कोणाला त्याचं ‘हु’ करावंसं वाटत नाही. असं पाहिजे.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं होतं नुसतं ‘अहिल्या’. काय छान वाटतं म्हणायला, ‘मी अहिल्याची विद्यार्थिनी’. इथल्या सगळ्या भाषांत चालतं, टीशर्टवर मोठ्या अक्षरात बसतं. एका कागदावर डिझाइन काढून दुकानात काचेला चिकटवलं होतं, लोकांना कसं वाटतं बघायला. तर सांगोल्याकडचे एक आजोबा, खांद्यावर घोंगडं, नातवाच्या ॲडमिशनची कागदं झेरॉक्सला घेऊन आलेले, त्यांनी ते वाचलं. नातवाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग मला म्हणाले, “अहिल्या काय रे? तुझी भाची हाय का ती? आम्ही घरात थोरल्या वहिनीला बी नुसतं नावानं हाक मारत न्हाय. देवी लाव की म्होरं. दोन अक्षरानं तुझी शाई संपतीय का?”

मी काय बोलणार. कागद काढला. म्हातारं बरोबर होतं, माझ्या डिझाइनच्या डोक्याला ते सुचलंच नव्हतं. आपल्याकडं एकेरी नाव देवाला चालतं नाहीतर लेकराला, आणि ज्या बाईनं १७६७ ते १७९५ राज्य सांभाळलं, महेश्वरला विणकर बोलावून वसवले, काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, तिला आपण कॉलेजच्या टीशर्टवर एकेरीत घेणं बरं नव्हे. विणकरांचं तर आपल्या गावाला वेगळं सांगायला नको, ज्या गावात मागाच्या आवाजावर पिढ्या झोपल्या.

तर ‘अहिल्यादेवी’. बोलताना एवढंच. ‘कुठं शिकतोस?’ ‘अहिल्यादेवीला.’ जसं इथल्या कॉलेजांना नुसतं दयानंदला, संगमेश्वरला, वालचंदला म्हणतो तसं. वालचंदला कोणी हिराचंद विचारत नाही.

आता याला एक अडचण आहे तीही मीच सांगतो, नाहीतर अधिसभेत कोणीतरी उठून सांगेलच. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, त्यांचा जन्म तिकडंच चौंडीचा, १७२५ चा. त्यामुळे बाहेरच्याला अहिल्यादेवी विद्यापीठ म्हटलं की नगरचं वाटणार, कुणाला इंदूरचं वाटणार. म्हणून लिहिताना शेवटी ‘सोलापूर’ पाहिजेच, ते सोडायचं नाही. जे लोक नामविस्ताराच्या वेळी म्हणत होते की सोलापूर हे नाव जाता कामा नये त्यांचंही समाधान होतं. जागा कमी असेल तिथं ‘अहिल्यादेवी विद्यापीठ, सोलापूर’ आणि इंग्रजीत त्याचंच ‘अहिल्यादेवी युनिव्हर्सिटी सोलापूर’. होळकर आणि पुण्यश्लोक यात येत नाही याचं मलाही वाईट वाटतं, पण आत्ता जे चाललंय त्यात काहीच येत नाही.

याला विधानसभेत जायची गरज आहे असं मला तरी वाटत नाही, कारण मूळ नावाला हातच लावायचा नाहीये. अधिसभेत एक ठराव आणि त्याच्यावर एक परिपत्रक, सगळ्या कॉलेजांना, की पूर्ण नाव जिथं बसतं तिथं पूर्ण लिहा, जिथं बसत नाही तिथं हे लिहा आणि आद्याक्षरं लिहू नका. पेपरवाल्यांना पण एक पत्र पाठवा, हेडिंग लावणारा बिचारा जागेपायीच तोडतो, त्याला छोटं दिलं तर तो कशाला तोडेल. आणि एकच स्पेलिंग ठरवून द्या हो, अहिल्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधे माझ्याकडं येणारी कॉलेजं चार प्रकारे लिहितात, एका कॉलेजनं तर एकाच पत्रिकेवर दोन प्रकारे लिहिलं होतं, प्रूफ मीच बघितलेलं त्यामुळे जास्त बोलत नाही.

परिपत्रक निघालं तर पहिली शंभर स्टिकरं मी फुकट छापून देतो, गाडीला लावायला.

आणि हो, ‘अहिल्यादेवी युनिव्हर्सिटी सोलापूर’ हे इंग्रजीत लिहून मी मोजलंय, स्पेस धरून एकोणतीस होतात. पुतणीच्या त्या फॉर्ममधे बसतं. एक घर रिकामं राहतं.

आपला,
एक डीटीपीवाला, सोलापूर